डबल मार्करचा लाल आकडा आणि नजरेतून सुटलेली ओळ

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टमध्ये एका खाजगी कंपनीत नोकरी करते. लग्नाला सहा वर्षं झाली आणि आत्ता पहिल्यांदाच दिवस राहिलेत. चौदावा आठवडा चालू आहे. एनटी स्कॅनला सगळं छान आहे म्हणाले होते. त्याच दिवशी डबल मार्करचं रक्त दिलं. शुक्रवारी संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आला, तर डाऊन सिंड्रोमच्या पुढे लाल अक्षरांत १:१७२, हाय रिस्क. आमच्या डॉक्टर बाहेरगावी आहेत. फोनवर एवढंच म्हणाल्या की एनआयपीटी करू किंवा गर्भजल तपासू, मंगळवारी या. तेव्हापासून झोप नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, पोटात सुई घातली की गर्भ पडतो. नवरा म्हणतो, सोड ना, काही होत नाही. एनआयपीटीचे १७ हजार सांगितलेत. माझं बाळ आजारी आहे का? रोज लोकलने जाते, त्या धक्क्यांनी झालं असेल का? मी काय करू? आतापर्यंतचे सगळे कागद सोबत पाठवते आहे. हिमोग्लोबिनही थोडं कमी आलंय, पण लोहाच्या गोळ्यांनी फार मळमळतं म्हणून सध्या बंद केल्यात. ते नंतर बघू.

एक वाचक, भांडुप

*

तुझं पत्र आणि सोबतचे कागद लगेच वाचले. यातल्या काही गोष्टींना दिवसांची मुदत असते, म्हणून हे उत्तर तुला मंगळवारच्या आधीच मेलने पाठवलं. आता तुझ्या परवानगीने, नाव न देता, सदरात छापते आहे. अशा लाल आकड्यांचे फोटो मला मुलुंडपासून विरारपर्यंतच्या मुली पाठवत असतात, आणि बहुतेक वेळा तेही शुक्रवारी संध्याकाळी आलेले असतात, जेव्हा विचारायला कुणी सापडत नाही.

बाळ आजारी आहे का, हे हा रिपोर्ट सांगत नाही. तो सांगूच शकत नाही. डबल मार्करमध्ये तुझ्या रक्तातले दोन पदार्थ मोजतात, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. दोन्ही वारेतून येतात. त्यांचं प्रमाण, तुझं वय आणि वजन यांचा हिशेब करून संगणक एक शक्यता काढतो. १:१७२ याचा अर्थ असा: तुझ्यासारखे आकडे आलेल्या १७२ बायका घेतल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढ मंद ठेवणारा गुणसूत्रांचा जन्मजात दोष, असेल आणि १७१ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत सांगायचं तर अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. लॅबने १:२५० च्या आसपास एक रेघ ठरवलेली असते. रेघेच्या अलीकडे आकडा आला की तो लाल होतो, पलीकडे गेला की काळा. बाळाला ती रेघ ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर कुणी लिहून देत नाही. ३६व्या वर्षी, कोणतीही रक्ततपासणी न करता, निव्वळ वयामुळे बाराव्या आठवड्याच्या सुमारास ही शक्यता साधारण २०० त १ असतेच. तिसाव्या वर्षी ती बरीच कमी असते, चाळिसाव्या वर्षी बरीच जास्त. म्हणजे या तपासणीने तुला होतीस तिथून फारसं हलवलेलं नाही. तू गुरुवारी जिथे उभी होतीस, जवळपास तिथेच शनिवारीही उभी आहेस. मधे फक्त एक लाल अक्षर आलं.

आता कागद नीट बघ. तुझ्या डबल मार्करच्या दुसऱ्या पानावर एनटीचा रकाना आहे, आणि तो रिकामा आहे. हे मला तुझ्या पत्रातल्या कोणत्याही ओळीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. सोनोग्राफी एका सेंटरमध्ये झाली, रक्त दुसऱ्या लॅबने नेलं आणि सोनोग्राफीची मापं फॉर्मवर चढलीच नाहीत. त्यामुळे तुला मिळालेला आकडा फक्त रक्ताचा आणि वयाचा आहे. एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागे त्वचेखाली साठलेल्या पाण्याची जाडी. ती ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच मोजायची असते. तुझ्या बाळाची लांबी ६४ मिलिमीटर आहे, एनटी १.४ मिलिमीटर आहे आणि नाकाचं हाड दिसतं आहे. हे तिन्ही चांगलं आहे. नुसत्या रक्तावरून डाऊन सिंड्रोम असलेल्या १०० बाळांपैकी ६५ च्या आसपास लक्षात येतात. एनटी जोडली की ८५ ते ९०. निम्मी माहिती बाहेर ठेवून काढलेल्या आकड्यावर तू रात्री जागते आहेस.

म्हणून सकाळी लॅबला फोन कर. सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठव आणि एनटी व बाळाची लांबी घालून शक्यता पुन्हा काढून द्या असं सांग. रक्त त्याच दिवशीचं असल्यामुळे पुन्हा द्यावं लागणार नाही, हिशेबच फक्त नव्याने होतो. त्याच वेळी फॉर्मवरची तुझी जन्मतारीख, वजन, मधुमेह आहे की नाही, गर्भ आयव्हीएफने राहिला का आणि जुळं आहे का हे रकाने तपासून घे. वजन चुकीचं पडलं तरी आकडा सरकतो. मंगळवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा नवा कागद हातात असू दे.

नवा आकडा कदाचित रेघेच्या पलीकडे जाईल. कदाचित जाणार नाही. दोन्ही वेळी पुढचा रस्ता निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तू आणि तुझ्या नवऱ्याने शोधायचं आहे, आणि ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये नाही, घरी शोधायचं आहे. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे असं नक्की कळलं तर आपण काय करू? काही जोडपी म्हणतात, आम्ही हे बाळ वाढवू. काही म्हणतात, आम्हाला पेलणार नाही. काहींना कळेपर्यंत कळत नाही. यातलं कोणतंही उत्तर ऐकून तुला बोल लावायचा अधिकार कुणाला नाही, मलाही नाही. पण उत्तराप्रमाणे तपासणी बदलते. काहीही झालं तरी गर्भ ठेवायचाच असं तुमचं ठरलेलं असेल, तर पोटातून सुई घालून गर्भजल, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी, तपासण्याची घाई नाही. तेव्हाही माहितीचा उपयोग असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, आणि ते आधी कळलं तर बाळंतपण लहान मुलांच्या हृदयाची सोय असलेल्या ठिकाणी ठरवता येतं.

एनआयपीटी म्हणजे तुझ्याच दंडातून काढलेलं रक्त. त्यात वारेतून आलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, ते तपासतात. दहाव्या आठवड्यानंतर कधीही करता येते आणि बाळाला काही धोका नाही. डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत ती १०० पैकी ९९ बाळं ओळखते आणि निरोगी बाळावर खोटा शिक्का क्वचितच मारते. तरीही ती चाळणीच आहे. एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तर गर्भजल तपासून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही. हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजला चिकटव हवं तर. आणि ती निगेटिव्ह आली तरी अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली ॲनोमली सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंड, ओठ-टाळू यांची रचना एनआयपीटी बघत नाही.

तुझ्या बाबतीत एनटी चांगली आहे, सोनोग्राफीत वावगं काही नाही. त्यामुळे हिशेब सुधारल्यावरही शंका उरली तर माझं मत आधी एनआयपीटी करावी असं आहे. १७ हजार ही मोठी रक्कम आहे, मला कल्पना आहे. दोन-तीन लॅबचे दर विचार, फरक असतो. फक्त एवढं विचारून घे की निकाल किती दिवसांनी येतो आणि रक्तात बाळाच्या डीएनएचं प्रमाण कमी पडून निकालच आला नाही तर पुन्हा पैसे पडतात का. सोनोग्राफीत दोष दिसला असता किंवा एनटी ३.५ च्या वर असती, तर मी एनआयपीटीवर आठवडा न घालवता सरळ गर्भजल तपासणी करायला सांगितलं असतं.

आता सासूबाईंबद्दल. त्यांच्या बोलण्याला जुनाट म्हणून बाजूला सारू नकोस. १९८० च्या दशकात याच मुंबईत गर्भजल तपासणी कशासाठी वापरली जात होती हे त्यांच्या पिढीने पाहिलं आहे. मुलगी आहे का बघायचं आणि असेल तर गर्भ पाडायचा. लोकलच्या डब्यांत तशा जाहिराती लागत. बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले, आणि महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याला आळा घालणारा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. पोटात सुई आणि गर्भ पडणं या दोन गोष्टी त्या काळच्या बाईच्या मनात जोडल्या गेल्या असतील तर त्याला खरं कारण आहे. त्यांना सांग की आता ही तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रातच, लेखी संमती घेऊन, ठरावीक कारणांसाठीच होते आणि मुलगा की मुलगी हे कुणालाही सांगितलं जात नाही. तूही विचारू नकोस. कुणी खुणेने सांगायला निघालं तर तो गुन्हा आहे.

गर्भ पडण्याची भीतीही अगदी निराधार नाही, पण तिचा आकार त्यांना वाटतो तेवढा नाही. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. काही मिनिटांचं काम असतं, भूल द्यावी लागत नाही. जुन्या पुस्तकांत त्यामुळे गर्भपाताचा धोका २०० त १ लिहिलेला असे. अनुभवी हातांत तो आता त्याहून बराच कमी आहे. पहिला निकाल तीन-चार दिवसांत मिळतो, गुणसूत्रांचा पूर्ण तक्ता यायला दोन-तीन आठवडे लागतात. करायची वेळ आलीच तर एक गोष्ट आठवणीने सांग: तुझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. सुईनंतर तुला अँटी-डीचं इंजेक्शन लागेल, म्हणजे बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं तर तुझ्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होणार नाहीत. सोनोग्राफी करणारे डॉक्टर वेगळे असले की ही गोष्ट दोघांच्या मधे पडून राहू शकते.

सासूबाईंना शक्य असेल तर मंगळवारी सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला वाद तुझ्या माथी येत नाही. संमती मात्र तुझी एकटीची. कायद्याने सज्ञान बाईच्या तपासणीला किंवा गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही, सासरची तर नाहीच. आणि मुदतीचा भाग, जो कुणी सांगत नाही आणि मग धावपळ होते: २०२१ मध्ये बदललेल्या गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, गर्भात गंभीर दोष असेल तर, दोन डॉक्टरांचं लागतं. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मी हे तुला गर्भपाताकडे ढकलायला लिहीत नाही. तुझ्याकडे आज पुरेसा वेळ आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते. हा वेळ "बघू नंतर"मध्ये जाऊ देऊ नकोस, एवढंच.

लोकलचं उत्तर सोपं आहे. नाही. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि ती बहुतेक वेळा बीज तयार होतानाच आलेली असते, तुला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. सेंट्रल रेल्वेचा धक्का, ग्रहणात चिरलेली भाजी, पपई, कुणाची नजर, ऑफिसचा ताण, यातलं काहीही त्याला कारण नाही. वयाचा संबंध आहे, पण तो बीजाच्या वयाशी आहे, तू काही चुकीचं केल्याशी नाही.

इथवर जे लिहिलं ते तू विचारलेलं. आता जे तू नंतर बघू म्हणालीस त्याकडे येते, कारण मला खरी काळजी त्याची वाटते.

तुझ्या पहिल्या भेटीतल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८ आहे. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि १० च्या खाली गेलं की मध्यम रक्तक्षय म्हणतात. त्याच कागदावर आणखी खाली एमसीव्ही नावाची ओळ आहे, लाल पेशींचा सरासरी आकार सांगणारी. ती ८० च्या वर हवी. तुझी ६६ आहे. आणि लाल पेशींची संख्या ५१ लाख, म्हणजे रक्त कमी असूनही पेशी भरपूर, पण लहान लहान. लोह कमी पडल्यावर पेशी लहान होतातच आणि तुझ्या बाबतीत तेच असण्याची शक्यता मोठी आहे. पण पेशी लहान आणि संख्या मोठी असं चित्र थॅलेसेमिया मायनरमध्येही दिसतं, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष आई किंवा वडील अशा एकाकडूनच आलेला असतो तेव्हा. ते ओळखणारी एचपीएलसी तपासणी, जिच्यात रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजतात, तुझ्या कागदांत कुठेच नाही. ती झालेली नाही.

थॅलेसेमिया मायनर असलेली माणसं धडधाकट असतात. भारतात १०० पैकी तीन-चार जणांत ते असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी, भानुशाली कुटुंबांत प्रमाण जास्त आहे, पण आपल्यात नसतं असं धरून चालू नकोस. एकटी तू मायनर असलीस तर बाळाला काही धोका नाही. नवराही मायनर निघाला तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. मेजर म्हणजे लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं, वर्षानुवर्षं. आता हे दोन आकडे शेजारी ठेव. १७२ त १ हा लाल अक्षरांत आला म्हणून तुझी झोप गेली. ४ त १ ची शक्यता आहे की नाही हे ज्या तपासणीने कळेल, ती काही शे रुपयांची तपासणी कुणी सांगितली नाही आणि तू विचारली नाहीस, कारण ती ओळ काळ्या शाईत होती.

मी तुला घाबरवत नाही. दोघंही मायनर असण्याची शक्यता लहान आहे. पण ती आत्ता सहज वगळता येते, आणि उद्यावर टाकत गेलं तर वेळ हातातून जातो. मंगळवारी एचपीएलसी मागून घे. नवऱ्याचा साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी त्याच दिवशी होऊ दे, तुझा निकाल येण्याची वाट न बघता. अंगात लोह फार कमी असलं तर एचपीएलसीत एचबीए२ चा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचा, आकडा खरा असतो त्याहून कमी दिसू शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तोही बघायला सांग. एचबीए२ साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर मायनर धरतात. दोघांचंही तसं आलंच, तर परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था आहे. अशा जोडप्यांच्या बाळाची तपासणी तिथे फार वर्षांपासून होते. तेव्हा गर्भजल काढायचं झालं तर एकाच वेळी दोन्ही गोष्टी तपासता येतील. हे सगळं पंधरा-सोळाव्या आठवड्यात कळणं आणि बाविसाव्यात कळणं यात फार फरक आहे.

लोहाच्या गोळ्या आजच पुन्हा सुरू कर. थॅलेसेमिया मायनर निघालं तरी गरोदरपणात लोह कमी असेल तर ते द्यावंच लागतं. सकाळी उपाशीपोटी घेतेस म्हणून मळमळतं असं मला वाटतं. रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपायच्या आधी घे, लिंबू पाण्याबरोबर. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि लोहात दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नको. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद करायची नाही, पाणी वाढवायचं, पेरू-पालेभाज्या वाढवायच्या. तरीही सोसलंच नाही तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारचं लोह देतील, किंवा शिरेतून देतील. तिसरा महिना संपलाय, आता ते देता येतं. ९.८ चं हिमोग्लोबिन बीट आणि खजूर खाऊन भरून निघत नाही. खा जरूर, पण गोळीच्या जागी नाही. महिन्याने पुन्हा मोजून घे. बाळंतपणात रक्त जातंच. ज्या बाईचं आधीच कमी आहे तिला तेवढं जाणंही झेपत नाही, आणि महापालिकेच्या रुग्णालयात काम करताना मी बायकांना धोक्यात आलेलं सगळ्यात जास्त पाहिलं ते रक्तक्षय आणि रक्तदाब या दोन कारणांनी. गुणसूत्रांनी नाही.

रक्तदाबाचं असं की तुझं वय पस्तिशीच्या पुढे आहे आणि हे पहिलं गरोदरपण आहे. ही दोन कारणं एकत्र आली की पुढे दाब वाढण्याचा धोका थोडा जास्त धरतात. कमी मात्रेची ॲस्पिरिन त्यावर उपयोगी पडते, पण ती बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू करायची असते. तुझ्या आईला बाळंतपणात दाबाचा त्रास होता का हे आधी तिला फोन करून विचार, आणि मग मला ॲस्पिरिन लागेल का असं डॉक्टरांना सरळ विचार. मनाने सुरू करू नकोस. साखरेची तपासणीही तुझ्या कागदांत दिसत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० च्या आत हवं. या पद्धतीत उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे ऑफिसजवळच्या लॅबमध्येही होऊन जाईल. आत्ता एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

रक्तगट निगेटिव्ह असल्यामुळे तशी प्रतिपिंडं तयार झालीत का हे सांगणारी इनडायरेक्ट कूम्ब्स ही तपासणी आत्ता आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात, त्याच सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. मधे कधी अंगावर गेलं किंवा पोटावर पडलीस तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवायचं. धनुर्वाताची लस, एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएल (गरमीची तपासणी) तुझं झालेलं दिसतंय, ते ठीक.

खर्चाचं ओझं होत असेल तर संकोच करू नकोस. नियमित तपासण्यांसाठी महापालिकेची प्रसूतिगृहं आहेत, केईएम, सायन, नायर आहेत, परळचं वाडिया आहे, सीएसएमटीजवळ कामा आहे, आणि ते तर तुझ्या ऑफिसपासून चालत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांमध्ये गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. खाजगी डॉक्टर चालू ठेवूनही तिथे नाव नोंदवता येतं. नियमित तपासण्यांचे पैसे तिथे वाचले तर एनआयपीटीला कामी येतील.

नवऱ्याबद्दल एवढंच. "सोड ना" हे तो बेफिकिरीने म्हणतोय असं मला वाटत नाही. सहा वर्षांनी दिवस राहिलेत, त्यालाही ऐकायची भीती वाटते आहे. त्याला धीर देण्याचं काम तू अंगावर घेऊ नकोस. त्याला काम दे. लॅबला फोन त्याने करू दे, एनटीचा कागद त्याने पाठवू दे, आणि मंगळवारी स्वतःचं रक्त त्याने द्यायचं आहेच. ज्याच्या हाताला काही करायला मिळतं त्याला बोलणंही सोपं जातं. वरचा तो प्रश्न, आपण काय करू, तो मग रात्री दोघांनी काढा.

मंगळवारी डॉक्टर घाईत असतील. म्हणून प्रश्न या क्रमाने विचार: एनटी घालून आलेला नवा आकडा, दोघांची एचपीएलसी, लोह कोणतं आणि किती, ॲस्पिरिन हवी का, साखर. एनआयपीटीचं त्यानंतर. तू पत्र लिहिलंस तो क्रम बरोबर उलटा होता.

मंगळवार दूर असो की जवळ, काही गोष्टींना थांबायचं नसतं. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटात सतत दुखणं, ताप, लघवीला आग. पुढच्या महिन्यांत जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकदम सूज, बाळाची हालचाल मंदावणं. असं काही झालं तर मला मेल करू नकोस आणि घरात कुणाची परवानगी मागू नकोस. जवळच्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी. १०८ ला फोन केलास तर रुग्णवाहिका मोफत येते.